डोक्यावर, भोवती की पायाखाली? प्रबोधनकाळातली लॉरेलची पानं वाचायची कशी

दरवर्षी ऑक्टोबरमध्ये बातम्यांत ‘नोबेल लॉरिएट’ हे शब्द हमखास येतात. एखादा मराठी चित्रपट महोत्सवांतून फिरून आला की त्याच्या पोस्टरवर कमानीसारख्या वाकलेल्या दोन डहाळ्या दिसतात आणि त्यांच्या मधोमध महोत्सवाचं नाव असतं. ‘लॉरिएट’ हा शब्द ज्या झाडावरून आला, त्याच झाडाच्या पानांची परंपरा या डहाळ्यांमागे आहे. ते झाड म्हणजे लॉरेल. आज या पानांचा अर्थ ‘जिंकला’ एवढाच उरला आहे.

इटलीत साधारण १४व्या ते १६व्या शतकात, ज्याला आपण प्रबोधनकाळ किंवा रेनेसाँ म्हणतो त्या काळात, या पानांना बरंच काही सांगायचं असे. त्या काळातल्या चित्रांत, थडग्यांवर, नाण्यांसारख्या पदकांवर आणि इमारतींच्या दर्शनी भिंतींवर ती इतक्या वेळा येतात की पाहणारा त्यांना निव्वळ नक्षी समजून पुढे जातो. मात्र ती वाचता येतात. त्यासाठी तीन गोष्टी बघायच्या: पान कोणतं आहे, ते कुठे ठेवलंय आणि ते कोणाच्या नावाशी जुळतंय.

आधी झाड ओळखू

लॉरेल हे भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांतलं सदाहरित झाड. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव लॉरस नोबिलिस. इटालियन भाषेत त्याला लाउरो किंवा आल्लोरो म्हणतात आणि ग्रीक भाषेत दाफ्ने.

आपल्या मसाल्याच्या डब्यातलं तमालपत्र याच कुळातलं, पण झाड वेगळं. घोटाळा होतो, कारण दोन्ही पानं ‘बे लीफ’ या एकाच नावाने विकली जातात. फरक सोपा आहे. तमालपत्र उजेडाकडे धरलं की देठाजवळून निघालेल्या तीन ठळक शिरा लांबीने टोकाकडे गेलेल्या दिसतात. लॉरेलच्या पानात मधोमध एकच शीर असते आणि तिला दोन्ही बाजूंनी बारीक फाटे फुटतात. पान साधारण ६ ते १२ सेंटिमीटर लांब, भाल्याच्या पात्यासारखं टोकदार, कडा किंचित लहरी. फळ म्हणजे सेंटिमीटरभराचा काळपट गोल दाणा. या दाण्याकडे लक्ष असू द्या, दगडातली पानं ओळखताना तो फार कामाला येतो.

पान जाड, चामड्यासारखं असल्यामुळे वाळलं तरी आकार सोडत नाही आणि त्याचा वासही टिकतो. डोक्यावर बांधायच्या पानात हेच गुण हवेत.

कथा आणि सत्ता, दोन्ही एकाच डहाळीवर

ग्रीक कथेत अपोलो हा संगीताचा, काव्याचा आणि भविष्यवाणीचा देव. तो पेनेउस नदीदेवाच्या मुलीच्या, दाफ्नेच्या मागे लागतो. ती पळते, पळताना वडिलांचा धावा करते आणि तिचं झाड होतं. अपोलो त्या झाडाला कवटाळून म्हणतो, माझी झाली नाहीस, निदान माझं झाड हो. रोमन कवी ओव्हिडने ही कथा लॅटिनमध्ये सांगितली आणि प्रबोधनकाळातल्या चित्रकारांनी ती त्याच्याकडूनच उचलली. अपोलोच्या डेल्फी या क्षेत्री होणाऱ्या स्पर्धांत विजेत्याला लॉरेलचा मुकुट मिळे. ऑलिंपियात मात्र ऑलिव्हचा. ‘ऑलिंपिकचा लॉरेल मुकुट’ असं सर्रास लिहिलं जातं, ते चूक आहे. २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये विजेत्यांच्या डोक्यावर ठेवला, तोही ऑलिव्हचाच होता.

रोममध्ये हेच पान सेनापतीकडे गेलं. युद्ध जिंकून मिरवणुकीने शहरात येणारा सेनापती लॉरेल घाली. पुढे सम्राटांनी तो कायमचा घेतला आणि नाण्यांवर त्यांचे चेहरे याच मुकुटात दिसू लागले. अशा नाण्यावर मानेजवळ बघा, डहाळ्या मागे एकत्र बांधलेल्या असतात आणि फितीची दोन टोकं मानेवर लोंबतात.

झाडाभोवती एक समजूतही होती. लॉरेलवर वीज पडत नाही, असं रोमन लोक मानत. सम्राट तिबेरिअस गडगडाट सुरू झाला की डोक्यावर लॉरेल चढवी, अशी नोंद जुन्या लेखकांनी करून ठेवली आहे.

म्हणजे प्रबोधनकाळापर्यंत या पानावर दोघांचा हक्क तयार झाला होता, कवीचा आणि विजेत्याचा. दोन्ही हक्क एकाच डोक्यावर आणण्याचं काम एका कवीने केलं, तेही समजून-उमजून.

८ एप्रिल १३४१, रोम

तो कवी म्हणजे इटलीचा फ्रान्चेस्को पेत्रार्का. त्याला १३४० साली एकाच दिवशी दोन निमंत्रणं आली, एक पॅरिसच्या विद्यापीठाचं आणि दुसरं रोमच्या सिनेटचं. दोघांनाही त्याला लॉरेलचा मुकुट घालायचा होता. त्याने रोम निवडलं. आधी तो नेपल्सला गेला, तिथल्या रॉबर्ट राजाने तीन दिवस त्याची परीक्षा घेतली आणि मग ८ एप्रिल १३४१ ला, ईस्टरच्या रविवारी, रोमच्या कॅपिटोल टेकडीवर त्याला मुकुट घातला गेला. जागा महत्त्वाची होती, कारण प्राचीन रोमन सेनापतींची विजययात्रा याच टेकडीवर संपत असे. तिथे केलेल्या भाषणात पेत्रार्काने हे पान सीझरांचंही, म्हणजे रोमन सम्राटांचंही, आहे आणि कवींचंही, असं मांडलं. पान कधी न सुकणारं, सुगंधी आणि विजेपासून सुरक्षित, हे गुण त्याने एकेक करून कीर्तीला लावून दाखवले. नंतर तो सेंट पीटरच्या चर्चमध्ये गेला आणि मुकुट तिथे अर्पण केला.

अशा मुकुटाचा पहिला मानकरी तो नव्हता. पादुआ शहराने १३१५ साली अल्बेर्तिनो मुसातोला मुकुट दिला होता. तरीही कवीच्या लॉरेलला वजन आलं ते पेत्रार्कापासून. तलवारीने मिळालेली कीर्ती आणि लेखणीने मिळालेली कीर्ती एकाच तोलाची आहे, हा दावा त्याने जाहीरपणे केला. पुढची दोनशे वर्षं चित्रकार आणि शिल्पकार हाच दावा रंगात आणि दगडात करत राहिले. माझ्या मते प्रबोधनकाळातली लॉरेलची बहुतेक उदाहरणं याच एका दाव्याने उलगडतात.

कुठे ठेवलंय, ते बघा

मराठीत आपण हे भेद सहज करतो. केसांतला गजरा, दारावरचं तोरण, गळ्यातला हार आणि हुतात्म्याच्या स्मारकावर वाहिलेलं पुष्पचक्र, फुलं तीच असली तरी अर्थ चार. लॉरेलचंही तसंच आहे.

डोक्यावर असेल तर तो माणूस कवी, विद्वान, विजेता किंवा सम्राट. नेमका कोण, हे हातातल्या वस्तूवरून कळतं. पुस्तक किंवा वाद्य असेल तर कवी, चिलखत असेल तर सेनापती.

वर्तुळ करून एखाद्या गोष्टीभोवती असेल, तर आतली गोष्ट मानाची. मांतुआच्या राजवाड्यात मान्तेन्याने १४६५ ते १४७४ या काळात रंगवलेल्या खोलीच्या छतावर पहिल्या आठ सीझरांचे चेहरे आहेत, प्रत्येक जण पानांच्या वलयात. खाली त्याच खोलीत तेव्हाचं राजघराणं रंगवलेलं आहे. आमचं घराणं कोणाच्या पंक्तीतलं, हे वेगळं सांगायची गरजच उरत नाही. वास्तुविद लेओन बात्तिस्ता अल्बेर्तीच्या पदकावर मागच्या बाजूला पंख असलेला एक डोळा आहे आणि त्याभोवती लॉरेलचं वलय. इथे मान माणसाच्या चेहऱ्याला नाही, त्याच्या नजरेला दिलेला आहे.

पायाखाली असेल तर? बायबलमधल्या गोष्टीत डेव्हिड हा मुलगा गोलायथ या राक्षसी योद्ध्याला मारतो. शिल्पकार दोनातेल्लोने केलेला ब्राँझचा डेव्हिड फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात आहे. गोलायथचं कापलेलं मुंडकं आणि त्यावरचा डेव्हिडचा पाय, या सगळ्याखाली पानांचं एक गोल वलय आहे. वरचा मुलगा इतका लक्ष वेधून घेतो की ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. पुतळ्यासमोर उभं राहाल तेव्हा एकदा मान खाली घालून नक्की बघा.

एक थडगं जवळून बघू

फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचे चर्चमध्ये लेओनार्दो ब्रुनीचं थडगं आहे. ब्रुनी हा फ्लॉरेन्स प्रजासत्ताकाचा चान्सेलर, म्हणजे मुख्य सचिव, आणि त्याचा इतिहास लिहिणारा. तो १४४४ साली गेला. शहराने सरकारी इतमामात अंत्यसंस्कार केले आणि भाषणानंतर त्याच्या मृतदेहाच्या डोक्यावर लॉरेलचा मुकुट ठेवला. पुढच्या काही वर्षांत बेर्नार्दो रोस्सेल्लिनोने तो क्षण संगमरवरात कायम केला.

खालून वर वाचत जा. तळाच्या पट्टीवर लहान मुलं पानाफुलांच्या जाड माळा वाहत आहेत. त्यावर शवपेटी, आणि पेटीवरच्या लेखात म्हटलंय की लेओनार्दो गेला आणि इतिहास शोक करतो आहे. त्याच्यावर दोन गरुडांनी पेललेली तिरडी. तिरडीवर ब्रुनी पडलेला, चेहरा आपल्याकडे किंचित वळलेला, छातीवर पुस्तक आणि कपाळावर लॉरेल. गरुड रोमन सम्राटाचा, पुस्तक लेखकाचं आणि दोघांना जोडणारी पानं. पेत्रार्काने जे बोलून दाखवलं, तेच इथे एका सरकारी नोकराच्या देहावर कोरलेलं आहे. सेनापतीला मिळणारा सगळा थाट लिहिणाऱ्या माणसाला.

नावाशी जुळवून बघा

इटालियन लोकांना नावांवरच्या कोट्या फार प्रिय होत्या. पेत्रार्काच्या प्रेयसीचं नाव लाउरा, म्हणून त्याच्या कवितेत लाउरो म्हणजे लॉरेल आणि ल’आउरा म्हणजे वाऱ्याची झुळूक सतत एकमेकांत मिसळतात. फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्यातला लोरेन्झो लॅटिनमध्ये लाउरेन्तिउस. त्यामुळे दरबारी कवींनी त्यालाच लॉरेल म्हणायला सुरुवात केली आणि हे झाड त्या घराण्याचं झालं.

पोन्तोर्मोने १५१९-२० च्या सुमारास रंगवलेलं याच घराण्यातल्या थोरल्या कोझिमोचं चित्र घ्या, ते उफ्फित्सी संग्रहालयात आहे. कोझिमो १४६४ सालीच वारला होता, म्हणजे हे मागे वळून पाहत काढलेलं चित्र. त्याच्या शेजारी लॉरेलचं एक झाड आहे. एक फांदी तोडलेली, दुसरी पानांनी भरलेली. फांदीभोवती गुंडाळलेल्या पट्टीवर रोमन कवी व्हर्जिलची ओळ आहे, तिचा अर्थ: एक तोडली तरी दुसरी फुटतेच. मेदिची घराणं १४९४ साली शहरातून हाकललं गेलं होतं, १५१२ साली परतलं होतं आणि आता वारसांचा प्रश्न ऐरणीवर होता. कोझिमोच्या डोक्यावर मुकुट नाही, शेजारी झाड आहे. इथे लॉरेल बक्षीस म्हणून आलेलं नाही, ते वंशवृक्ष आहे.

दुसरं उदाहरण लेओनार्दो दा व्हिन्चीचं. जिनेव्रा दे बेन्ची या तरुणीचं त्याने काढलेलं चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. फळीच्या पाठीमागेही चित्र आहे: मध्ये जुनिपर या झुडपाची डहाळी, तिच्याभोवती एका बाजूने लॉरेल आणि दुसऱ्या बाजूने ताडवर्गातल्या झाडाचं पान, आणि त्यांना गुंफणारी पट्टी. पट्टीवर लॅटिनमध्ये लिहिलंय की सौंदर्य सद्गुणाला शोभा आणतं. जुनिपरला इटालियनमध्ये जिनेप्रो म्हणतात, म्हणजे जिनेव्राच्या नावावरची कोटी. लॉरेल आणि ताडपान ही मात्र व्हेनिसचा राजदूत बेर्नार्दो बेम्बो याची निशाणी होती. अवरक्त किरणांनी तपासलं तेव्हा पट्टीवरच्या शब्दांखाली बेम्बोचंच बोधवाक्य सापडलं. म्हणून या वलयाला एका स्त्रीला दिलेला काव्याचा मुकुट म्हणून थांबता येत नाही, ती कोणीतरी आपल्या निशाणीने घातलेली मिठीही आहे. ही फळी कधीतरी खालून कापली गेली. त्यामुळे आज दोन्ही डहाळ्यांचे देठ दिसत नाहीत आणि वलय अर्धवट वाटतं. तो चित्रकाराचा हेतू समजू नये.

इमारतीवर लॉरेल कसा कोरतात

रोममधला त्राजान सम्राटाचा स्तंभ इसवी सन ११३ चा. त्याच्या तळाशी, खांब जिथे चौथऱ्यावर टेकतो तिथे, एक जाड अर्धगोल कडं आहे आणि ते अख्खं लॉरेलच्या पानांचं कोरलेलं आहे. जणू खांबच मुकुटात उभा केलाय. प्रबोधनकाळातल्या वास्तुविदांनी अशा अवशेषांची मापं घेतली, चित्रं काढली आणि ही पानं पुन्हा वापरात आणली. खांबाच्या तळाचं कडं, आयोनिक खांबाच्या डोक्यावरच्या गुंडाळीची कड, दारावरची फुगीर आडवी पट्टी, या त्यांच्या ठरलेल्या जागा.

कोरण्याची रीत पाहण्यासारखी आहे. पानं सुटी नसतात, बहुधा तीन-तीनचे गुच्छ करून कौलांसारखी एकावर एक चढवलेली असतात आणि मधूनमधून दाणे. ठरावीक अंतरावर फीत तिरपी किंवा फुलीसारखी गुंडाळलेली दाखवतात. फीत नसेल तर नजरेला विसावा मिळत नाही आणि पानं खवल्यांसारखी दिसू लागतात. वलय असेल तर पानांची टोकं खालच्या गाठीपासून दोन्ही बाजूंनी वर चढतात आणि माथ्यावर भेटतात. आडव्या पट्टीत ती दोन्ही टोकांकडून मध्याकडे किंवा मध्याकडून टोकांकडे जातात. दुरुस्तीत बसवलेला तुकडा ओळखायची ही चांगली युक्ती आहे: एका जागी पानांची दिशा अचानक उलटली आणि तिथे गाठही नसेल, तर तो तुकडा नंतरचा असण्याची शक्यता आहे.

दोन पानांमध्ये गडद सावली हवी असते, म्हणून पाथरवट तिथे गिरमिटाने ओळीने भोकं पाडून ती छिन्नीने जोडतो. सावली जितकी खोल, तितकं पान सुटं दिसतं, पण टोक तितकंच पातळ होतं. जुन्या वलयांची टोकं तुटलेली दिसतात, त्यामागे हेच कारण असतं. उंचावरची पानं मुद्दाम मोठी आणि ठसठशीत ठेवतात, नाहीतर खालून बघताना सगळा एक खडबडीत पट्टा दिसतो.

पण प्रत्येक हिरवं वलय लॉरेलच असतं का?

नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

ओकचं पान कडेने कापल्यासारखं, खोबणीदार असतं आणि सोबत टोपीवालं फळ असतं. रोममध्ये सहनागरिकाचा जीव वाचवणाऱ्याला ओकचा मुकुट मिळे. सिस्टाइन चॅपेलच्या छतावर मायकेलँजेलोने १५०८ ते १५१२ मध्ये रंगवलेल्या नग्न तरुणांजवळ ओकच्या पानांचे आणि फळांचे भारे आहेत. त्याचं कारण पुन्हा नावात आहे. काम देणारा पोप दुसरा ज्युलिअस देल्ला रोव्हेरे घराण्यातला, आणि रोव्हेरे म्हणजे ओक. ऑलिव्हचं पान अरुंद आणि समोरासमोर जोडीने येतं, फळ लांबट. आयव्हीचं पान कोनांचं, फळांचे घोस. मर्टलचं पान लॉरेलसारखंच, पण बरंच लहान, आणि ते प्रेमाच्या देवीचं, व्हीनसचं.

दगड झिजला असेल तर पानावर विसंबू नका, दाणा शोधा. एकेकटा छोटा गोल दाणा असेल तर बहुधा लॉरेल.

चित्रांत आणखी एक अडचण येते. हिरव्यासाठी तांब्यापासून केलेले रंग वापरत, आणि त्यांचे पातळ थर काळाने तपकिरी पडतात. जिनेव्राच्या मागचं जुनिपरचं झुडूप आज काळपट-तपकिरी दिसतं ते यामुळेच. मुकुट सुकलेला दिसला म्हणून ‘कीर्ती सुकली’ असा अर्थ काढू नये.

ख्रिस्ती चर्चमध्ये अपोलोचं पान चालतं कसं?

हा प्रश्न ब्रुनीच्या थडग्यासमोर उभ्या राहिलेल्या कोणालाही पडावा असा आहे. उत्तर असं की चर्चने हे पान फार आधीच आपलंसं केलं होतं. संत पॉलच्या पत्रात धावपटूच्या नाशवंत मुकुटाची आणि श्रद्धावंताच्या अविनाशी मुकुटाची तुलना आहे. चौथ्या शतकातल्या ख्रिस्ती शवपेट्यांवर क्रूसाच्या वर, ख्रिस्ताच्या नावाच्या अक्षरांभोवती लॉरेलचं वलय कोरलेलं सापडतं: मृत्यूवरचा विजय. म्हणून थडग्यावरचं लॉरेल एकाच वेळी दोन गोष्टी सांगू शकतं, या माणसाचं नाव राहील आणि याचा आत्माही राहील. कोणत्या अर्थावर भर आहे, हे आजूबाजूच्या आकृत्या ठरवतात.

आणि नुसती शोभा असेल तर?

असतेच. सोळाव्या शतकात दाराच्या पट्टीवर पानं कोरणारा प्रत्येक कारागीर पेत्रार्काचा विचार करत नव्हता. नमुने हातोहात फिरत होते, आणि आपल्याकडे दसऱ्याला दारावर तोरण बांधतात तसा तो रिवाजाचाही भाग होता. मी एक कसोटी लावतो: पानं सगळीकडे सारखी पसरली असतील तर शोभा, एकाच जागी किंवा एकाच माणसापाशी असतील तर बोलणं.

राफाएलने व्हॅटिकनमधल्या एका खोलीत १५१०-११ च्या सुमारास पर्नासस पर्वत रंगवला. माथ्यावर लॉरेलच्या झाडांखाली अपोलो वाद्य वाजवतोय, भोवती नऊ कलादेवता आणि कवींचा मेळा. या गर्दीत होमर आणि व्हर्जिलच्या जवळ, तीक्ष्ण नाकाचा इटालियन कवी दान्ते उभा आहे. त्याच खोलीच्या दुसऱ्या भिंतीवर, धर्मपंडितांच्या घोळक्यात, तो पुन्हा दिसतो. दोन्हीकडे डोक्यावर लॉरेल.

दान्तेला हयातीत तो कधीच मिळाला नव्हता. फ्लॉरेन्सने त्याला हद्दपार केलं होतं. बोलोन्याला येऊन मुकुट घे, असं एका विद्वानाने सुचवलं तेव्हा तो गेला नाही. आपल्या महाकाव्याच्या शेवटच्या भागात त्याने लिहून ठेवलं की मुकुट घ्यायचा तर ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला, तिथेच घेईन. १३२१ साली तो रावेन्नात वारला. १४६५ साली, त्याच्या जन्माला दोनशे वर्षं होत असताना, फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलसाठी दोमेनिको दि मिकेलिनोने त्याचं चित्र काढलं. ते आजही तिथल्या भिंतीवर आहे. लाल झगा, हातात उघडं पुस्तक, डोक्यावर लॉरेल. उजवीकडे फ्लॉरेन्स शहर, आणि त्यात दान्तेच्या मृत्यूनंतर शंभरहून अधिक वर्षांनी पुरा झालेला कॅथीड्रलचा घुमटही आहे. दान्ते उभा आहे तो तटबंदीच्या बाहेर.